वाळवंटातल्या अरुंद घळीत दोराने उतरणं: कोल्हापूरच्या डोंगरभटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गगनबावडा, आंबा, राधानगरी भागात रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) केलेले आणि आता अमेरिकेतल्या युटाहमधल्या स्लॉट कॅनियन खुणावू लागलेले बरेच जण आहेत. कुणाची मुलं तिकडे नोकरीला आहेत, कुणी स्वतःच वर्ष-दोन वर्षं जाणार आहे. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. हे वाचून कुणाला दोर लावता येणार नाही, पण शिकायला जाताना काय काय विचारायचं, ते नक्की कळेल.

स्लॉट कॅनियन आणि आपली नाळ यांत फरक काय?

नाळ म्हणजे घाटावरून कोकणात उतरणारी दगडगोट्यांची उतरंड. ती रुंद असते, वर आकाश दिसतं आणि पुढे अडलं तर मागे वळून चढून येता येतं. स्लॉट कॅनियन ही वालुकाश्मात पाण्याने कापलेली चीर. युटाहमधल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या बहुतेक घळी नवाहो वालुकाश्मात आहेत. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दबून हा दगड झाला. पुराचं पाणी सोबत वाळू घेऊन येतं आणि पॉलिश पेपरसारखं दगड घासत खाली जातं, म्हणून भिंती गुळगुळीत, वळणदार आणि काही ठिकाणी इतक्या जवळ येतात की सॅक काढून, खांदे तिरके करून सरकावं लागतं. आपल्याकडे दिसण्यात त्यातल्या त्यात जवळची म्हणजे भंडारदऱ्याजवळची सांदण. पण सांदणचा कातळ बसाल्ट आहे, घट्ट आहे. वालुकाश्म मऊ असतो, आणि ओला झाला की आणखी कच्चा होतो. पाऊस होऊन गेल्यावर बोटाने चाचपलेली पकड हातातच निघून येऊ शकते.

मी धबधब्यात रॅपलिंग केलं आहे. तेवढा अनुभव पुरत नाही का?

दोरावर लटकायची भीती गेली असेल, तर पहिली पायरी झाली. पण बहुतेकांनी केलेलं रॅपलिंग कसं असतं ते आठवा. वर कुणीतरी अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) लावतं, बिले देतं (दुसऱ्या दोराने सांभाळतं), तुम्ही उतरता, वळसा घालून पायवाटेने वर येता. दोर दिवसभर जागेवरच असतो आणि संध्याकाळी वरचे लोक तो गोळा करतात.

घळीत तसं नाही. पहिला टप्पा सगळे उतरले की दोर खालून ओढून घ्यायचा, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. दोर खाली पडला त्या क्षणी मागे जायची वाट संपते. पुढे पाणी किती आहे, अँकर धड आहे का, दोर पुरतो का, यांची उत्तरं नाही मिळाली तरी पुढेच जावं लागतं. म्हणून या पानावरच्या प्रत्येक प्रश्नामागे एकच विचार आहे: दोर ओढण्याआधी काय काय पक्कं झालेलं असलं पाहिजे?

‘३ बी’ वगैरे श्रेणी कशी वाचायची?

पहिला आकडा १ ते ४. १ म्हणजे चालणं, २ म्हणजे हाताने चढउतार, ३ म्हणजे दोर लागणारच, ४ म्हणजे अवघड अँकर, न सुटणारे खड्डे, लांब टप्पे. मग पाण्याचं अक्षर: ए म्हणजे कोरडी किंवा जेमतेम पाणी, बी म्हणजे साचलेलं पाणी आणि पोहणं, सी म्हणजे वाहता प्रवाह. त्यापुढचा रोमन आकडा वेळेचा. शेवटी ‘आर’ किंवा ‘एक्स’ लिहिलेलं असेल तर चूक महागात जाणारी घळ समजा आणि पहिल्या दोन वर्षांत तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि श्रेणी नेहमीच्या परिस्थितीची असते. तीच घळ एका पुरानंतर वाळूने भरून सोपी होते किंवा वाळू वाहून गेल्याने दोन मीटर खोल होते.

दोर खालून ओढता येईल असा लावायचा कसा?

हे नीट समजून घ्या, कारण इथली चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही.

अँकरच्या पट्टीत एक छोटी स्क्रूची कडी असते, तिला मेलन म्हणतात. दोर त्या कडीतून ओवा. कडीच्या एका बाजूच्या दोरावर लॉकिंग कॅराबिनर (स्क्रूने बंद होणारा धातूचा हूक) क्लोव्ह हिच या गाठीने बांधा. हिच कॅराबिनरच्या पाठीवर, म्हणजे गेट नसलेल्या बाजूवर यावी. आवळून घ्या, गेट लॉक करा. आता दुसऱ्या बाजूच्या दोरावर वजन आलं की कॅराबिनर कडीला येऊन टेकतो आणि दोर अडतो. उतरायचं ते या दुसऱ्या बाजूने. खाली गेल्यावर कॅराबिनरची बाजू ओढली की सगळा दोर खाली येतो.

दोन गोष्टी चुकतात. पहिली, माणूस डिसेंडर (उतरताना दोर ओवून वेग आवरायचं साधन) चुकीच्या बाजूला लावतो. त्या बाजूला अडवणारं काहीच नसतं, दोर कडीतून सरळ धावतो आणि माणूस दोरासकट खाली जातो. दुसरी, कडी मोठी असते आणि कॅराबिनर तिरका होऊन तिच्यातून निसटतो किंवा तिच्यात अडकून बसतो. म्हणून कडी लहानच हवी. दोन्हींवर उपाय एकच: सेल्फ अँकर (स्वतःला अँकरशी जोडणारी पट्टी) न काढता डिसेंडरवर पूर्ण वजन टाकून बसायचं, अँकर, कडी, कॅराबिनर, डिसेंडर या क्रमाने बोट लावून बघायचं, सोबत्यालाही बघायला लावायचं, आणि मगच सेल्फ अँकर सोडायचा. दहाव्या टप्प्यालाही हेच, थकलेलं असताना तर नक्कीच.

नवखी मंडळी सोबत असतील तर सुरुवातीला कॅराबिनर न लावता दोर अँकरला मंटर हिच आणि त्यावर म्युल गाठ मारून बांधतात. कुणाचे केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये ओढले गेले, तर ही गाठ वजनाखालीही सुटते आणि माणसाला अलगद खाली सोडता येतं. त्यासाठी वरच्या पिशवीत टप्प्याच्या उंचीइतका दोर शिल्लक हवा. शेवटचा माणूस ही रचना मोडून ओढता येणारी करतो आणि उतरतो.

आणि एक सवय लावून घ्या. शेवटचा माणूस वर असतानाच खालच्याने दोर मीटर-दोन मीटर ओढून बघायचा. सरकत नसेल तर वरचा माणूस कडी काठाच्या पुढे येईल इतकी पट्टी लांब करतो. तो खाली आल्यावर हे कुणालाच करता येणार नाही.

दोर नेमका किती खाली सोडायचा?

खाली कोरडी जमीन असेल तर टोक जमिनीला टेकेल इतका. खाली पोहण्याइतकं पाणी असेल तर टोक पाण्याला जेमतेम लागेल इतकाच. उतरणारा सरळ टोकावरून निसटून पाण्यात येतो, त्याला तरंगत डिसेंडर उघडत बसावं लागत नाही. सह्याद्रीत टोकाला गाठ मारायची आपली सवय चांगली आहे, पण पाण्यात तीच गाठ माणसाला अडकवून ठेवते. खाली दोराची गुंडाळी तरंगत असेल तर ती पायात येते. कोरड्या टप्प्याची उंची माहीत नसेल तेव्हा गाठ जरूर मारा, पण ओढण्याआधी ती सोडली का, हे मोठ्याने विचारा. गाठ कडीत अडकली की दोर गेला.

एकूण किती दोर न्यावा?

सर्वांत लांब टप्प्याच्या दुप्पट, आणि वर त्या टप्प्याइतका आणखी एक. झायनमधल्या पाइन क्रीकचा शेवटचा टप्पा साधारण ३० मीटरचा, बहुतेक अधांतरी. म्हणजे ६० मीटर आणि शिवाय ३० मीटरचा वेगळा दोर, दुसऱ्या माणसाच्या सॅकमध्ये. वजन वाचवायचं असेल तर ३० मीटर दोर आणि ३० मीटर ६ मिमीची ओढदोरी अशी जोडी चालते. तो जास्तीचा दोर घरी ठेवायचा मोह होतो. मधल्या टप्प्याला दोर अडकून कापावा लागला, तर बाकीची घळ त्याच दोरावर उतरायची असते.

आपला १०.५ मिमीचा स्टॅटिक दोर चालेल का?

चालेल, पण ६० मीटरचं वजन सुकं असतानाच चार-साडेचार किलो भरतं आणि ओला झाला की आणखी वाढतं. तिकडे ८ ते ९ मिमीचे स्टॅटिक दोर वापरतात. आवरण पॉलिएस्टरचं असेल तर पाणी कमी पितो आणि ताणतोही कमी. ताण कमी म्हणजे काठावर वर-खाली घासणं कमी. वालुकाश्माचा काठ म्हणजे दोराला कानसच.

बारीक दोर डिसेंडरमधून भराभर धावतो. साध्या एटवर (इंग्रजी आठच्या आकाराचा डिसेंडर) १०.५ मिमीने सावकाश उतरणारा माणूस ८ मिमीच्या ओल्या दोरावर सुसाट जातो आणि हात भाजतो. म्हणून उतरता उतरता घर्षण वाढवता येईल असे पिरान्हा किंवा क्रिटरसारखे डिसेंडर घेतात. ॲल्युमिनियम वाळूने झपाट्याने झिजतं, प्रत्येक सहलीनंतर खोबणीवरून नख फिरवून बघा. धारदार कडा लागली तर तो डिसेंडर बाद.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्यात भिजवा, खळबळून वाळू काढा, सावलीत वाळवा. धुण्याची पावडर नको. बोटांत धरून पूर्ण लांबी चाचपा. आत पोकळ, चपटं किंवा घडी पडल्यासारखं लागलं तर तिथून कापा.

तिथे बोल्ट नसतील तर अँकर कशाला?

झायनचा बहुतेक भाग १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली येतो, तिथे मशीनचं ड्रिल चालत नाही. बऱ्याच जागी जुने बोल्ट आहेत, पण त्यांच्या भरवशावर घळ आखू नये. झाड, भिंतींच्या बेचक्यात घट्ट बसलेला धोंडा, मोठी शिळा, यांना २५ मिमीची नळीदार टेप, म्हणजे वर सांगितलेली अँकरची पट्टी, बांधतात. गाठ टेप नॉट, शेपट्या किमान ८ सेंटिमीटर, वजन टाकून आवळलेली. टेपच्या दोन फाट्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा.

काहीच नसेल तर वाळूत दगड पुरतात. हातभर लांबीचा, जड दगड निवडायचा, त्याच्या मध्यावर टेप बांधायची, दोन-अडीच फूट खड्डा करून तो ओढीला आडवा ठेवायचा. टेप बाहेर यायला तिरका चर काढायचा, टेप सरळ वर आली तर दगड उपटला जातो. मग वाळू भरून पायाने दाबायची आणि वर धोंडे रचायचे. तिघांनी मिळून, ओढ खालच्या दिशेने ठेवून, जोर लावून बघायचं. सर्वांत वजनदार माणूस आधी उतरतो, तेव्हा वरचे दोघे आधार देत अँकर हलतो का ते बघतात. सर्वांत हलका शेवटी.

आधीच्या लोकांनी ठेवलेली टेप दिसली तर ती पूर्ण फिरवून बघा. दिसणारा भाग चांगला आणि दगडामागचा भाग घासून निम्मा, असं पुष्कळदा असतं. उन्हाने पांढरी पडलेली, कडक झालेली टेप कापून सोबत आणायची आणि नवी बांधायची. यासाठी १०-१५ मीटर टेप, पाच-सहा मेलन आणि एक छोटा चाकू गटात हवाच. टेपचा रंग दगडासारखा घ्या, भडक नको.

वाळवंट आहे, मग पुराची एवढी धास्ती का?

हे कोल्हापूरकराला समजावणं सोपं आहे. शहरात कडक ऊन असतं, दसरा चौकात कोरडा रस्ता असतो, आणि तरी राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढत असतं. कारण पाऊस गगनबावड्यात आणि राधानगरीत पडलेला असतो. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ आहेत.

घळीतही पाणी वरूनच येतं, फरक वेळेचा आहे. आपल्याकडे भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीचं पाणी माती, झाडं, भातखाचरं ओलांडून पंचगंगेत यायला तास लागतात. तिकडे उघडा खडक असतो, काहीच मुरत नाही, आणि सगळं पाणी दोन मीटर रुंदीच्या चिरेत शिरतं. मिनिटांत भिंतीसारखा लोंढा येतो, ओंडके आणि चिखल घेऊन. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक पुरात मरण पावले, पाऊस घळीपासून मैलोन्मैल दूर झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा अख्खा गट पुरात मरण पावला. कीहोल ही लहान, काही तासांत होणारी घळ आहे.

म्हणून घळीच्या तोंडाशी उभं राहून आकाश बघणं पुरेसं नाही. नकाशावर घळीचं पूर्ण पाणलोट क्षेत्र रेखाटा आणि त्या सगळ्या भागाचा अंदाज बघा. झायनसाठी रोजचा पूर-शक्यतेचा अंदाज चार पायऱ्यांत येतो: अपेक्षित नाही, शक्य, संभवनीय, अपेक्षित. आमच्या मते अरुंद घळीसाठी ‘अपेक्षित नाही’ याच दिवशी जावं. तिकडेही जुलै मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या वादळी पावसाला मॉन्सूनच म्हणतात, दुपारी ढग चढतात. मे-जून किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा, आणि तेव्हाही पहाटे आत शिरून दुपारच्या आत बाहेर.

आत असताना पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहत आला, वारा एकदम सुटला किंवा मालगाडीसारखा घरघराट आला, तर सामान सोडा आणि मिळेल त्या उंच कंगोऱ्यावर चढा. पळून घळ संपवू, असा विचार करू नका.

बाहेर ४० अंश असताना वेटसूट?

हो. घळीच्या तळाला ऊन पोचत नाही, पाणी महिनोन्महिने सावलीत साचलेलं असतं, काही ठिकाणी दहा अंशांच्याही खाली. आपल्या विहिरीच्या पाण्याचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. सुती कपड्यात तीन-चार खड्डे पोहून झाले की कुडकुडणं सुरू होतं, मग बोटं वळेनाशी होतात, आणि पुढच्या अँकरला कॅराबिनरचा स्क्रू फिरत नाही. खरा धोका तोच. ३ ते ४ मिमीचा पूर्ण वेटसूट, निओप्रिनचे मोजे, आणि कोरड्या डब्यात एक जोडी सुके कपडे. कुणी बोलताना अडखळायला लागला किंवा गप्प झाला, तर थांबून त्याला उन्हाच्या पट्ट्यात आणा आणि गोड खायला द्या. खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की उत्तम.

न सुटणारे खड्डे म्हणजे काय?

रांजणासारखे गुळगुळीत खळगे, ज्यांतून बाहेर निघणं अवघड असतं. काठोकाठ भरलेला असेल तर पोहून पलीकडे जाता येतं. अर्धा भरलेला सर्वांत वाईट: पाय टेकत नाहीत आणि काठ हाताला येत नाही. पहिल्या माणसाला दोरावरच आत सोडा, म्हणजे जमलं नाही तर परत ओढता येतो. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहून, किंवा वाळू भरलेली पिशवी दोर बांधून पलीकडच्या काठापार फेकून, तिच्या वजनावर काठ चढतात. हे तंत्र शिकल्याशिवाय अशा घळीचा दोर ओढू नये.

ओढताना दोर अडकला तर?

जागा बदला, मागे सरका, दोराला झटका देऊन लाट सोडून बघा, मग दोघे-तिघे मिळून ओढा. दोन्ही टोकं हातात असतील तर दोन्ही दोरांवर मिळून प्रुसिक (वजन आलं की दोराला आवळणारी बारीक दोरीची गाठ) लावून वर चढता येतं. एकच टोक हातात असेल तर त्यावर चढायचं नाही. वर तो कशात अडकला आहे ते दिसत नाही, आणि तो अर्ध्यात सुटू शकतो. मिळेल तेवढा कापून घ्या आणि जास्तीच्या दोरावर पुढे चला.

खालून दोर ताणून धरणारा असला की पुरे ना? प्रुसिक कशाला?

खालच्याने दोर ओढून धरला की वरच्याचा डिसेंडर थांबतो, ही पद्धत उत्तम, आणि दुसऱ्यापासून सगळ्यांना मिळते. पहिल्याला खाली कुणी नसतं. कोरड्या टप्प्यात त्याने प्रुसिक लावावा. वाहत्या धारेखाली मात्र प्रुसिक नको: तो आवळला की माणूस धबधब्याच्या माऱ्यात लटकून राहतो, आणि तिथे बुडून मरायला फार वेळ लागत नाही.

परवाना आणि गाइड?

झायनमधल्या प्रत्येक दोराच्या घळीला परवाना लागतो, सबवेसारख्या मागणीच्या घळींना आधीच अर्ज करावा. एका गटात जास्तीत जास्त १२ जण, पण चार ते सहा बरे. बारा जण एकेका टप्प्याला तास खातात. उद्यानाच्या आत दोराच्या घळींसाठी व्यावसायिक गाइड चालत नाहीत, म्हणून पहिली घळ उद्यानाबाहेर गाइडसोबत करा. अँटिलोप नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, तिथे त्यांच्या अधिकृत गाइडशिवाय प्रवेश नाही.

कोल्हापुरात राहून सराव काय करावा?

पुष्कळ. शेतातल्या आंब्याच्या फांदीला, जमिनीपासून दोन-तीन मीटरवर कडी बांधा आणि दोर लावणं, तपासणं, ओढणं हे रात्री टॉर्चवर, हातमोजे घालून, शंभर वेळा करा. मंटर-म्युल वजनाखाली सोडायचा सराव वेगळा. प्रुसिकवर पाच मीटर चढायचा वेगळा.

मग विहीर. जुनी मोटेची विहीर मिळाली तर सोन्याहून पिवळं: सरळ भिंत, खाली खोल पाणी, अगदी घळीतल्या टप्प्यासारखी. मालकाची परवानगी घ्या, पायऱ्या शाबूत आहेत का बघा, अँकर झाडाला लावा. थारोळ्याच्या दगडाला नको, जुना चुना भरवशाचा नसतो. दोराचं टोक पाण्याला जेमतेम लागेल असं ठेवून उतरा, टोकावरून निसटा, सॅकसकट पोहून पायऱ्या गाठा. विहिरीत मुटका मारता येतो म्हणजे हे येतंच असं नाही. बूट, हेल्मेट, हार्नेस आणि सहा किलोची सॅक अंगावर असताना दहा मिनिटं तरंगून दाखवा. वर एक माणूस आणि सुटा दोर कायम हवा. गडांच्या तटबंदीवर मात्र सराव नको, बोल्ट तर मुळीच नको.

आत मोबाइल लागतो का?

नाही. सॅटेलाइट मेसेंजर तिथेच भाड्याने घ्या. भारतात परवान्याशिवाय असं उपकरण बाळगणं बेकायदा आहे, परत येताना सॅकमध्ये आणू नका. आणि अरुंद तळातून त्याचाही सिग्नल जात नाही, संदेश पाठवायला आकाशाचा मोठा तुकडा लागतो. मदत यायला रात्र जाऊ शकते असं धरूनच माणशी चार लिटर पाणी, हेडटॉर्च, चमकणारं आपत्कालीन ब्लँकेट घ्या. घळीत शौचाला जागा नसते, त्यासाठी मिळणारी पिशवी वापरून बाहेर आणायची.

घरी काय सांगून निघायचं?

एप्रिल २००३ मध्ये युटाहच्याच ब्लू जॉन कॅनियनमध्ये ॲरन राल्स्टन एकटे गेले, कुणाला सांगितलं नव्हतं. निसटलेल्या धोंड्याखाली हात अडकून ते पाच दिवस तिथे होते. म्हणून घळीचं नाव, शिरायची आणि बाहेर यायची जागा, गाडीचा नंबर, गटातली नावं आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवा’ अशी ठाम वेळ लिहून द्या. शक्यतो तिकडेच राहणाऱ्या कुणाला. कोल्हापुरात आईकडे कागद ठेवणार असाल तर त्यावर स्थानिक शेरीफ कार्यालयाचा आणि उद्यानाचा थेट नंबर लिहा, ९११ हा तिकडचा आपत्कालीन नंबर इथून लागत नाही. वेळही दोन्हीकडची लिहा: उन्हाळ्यात युटाह आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं, तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे इथले दुसऱ्या दिवशी सकाळचे ६:३०.